रंग नाही, दाणा बघा: खडक जमिनीखाली थिजला की जमिनीवर, हे ओळखायची पद्धत

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ट्रेमधला एक दगड उचलून माझ्या हातात दिला. काळपट, जड, आणि अंगभर बोटाच्या पेराएवढे लांबट पांढरे स्फटिक. मी छातीठोकपणे म्हणालो, "गॅब्रो."

"म्हणजे अंतर्निर्मित? जमिनीखाली थिजलेला?"

"हो सर. स्फटिक केवढे मोठे आहेत!"

सरांनी दगड माझ्याकडेच ठेवला. "पांढरं सोड. त्याच्या मधलं काळं बघ. काय दिसतं?"

भिंग लावलं, उजेडाकडे वळलो, पुन्हा बघितलं. मधल्या काळ्यात काहीच दिसेना. तसं सांगितल्यावर सर म्हणाले, "मग तेच उत्तर आहे की."

तो मंचरकडचा बेसॉल्ट होता, म्हणजे जमिनीवर वाहून आलेला लाव्हा. गुण गेले, पण पद्धत तेव्हापासून डोक्यात बसली. तुम्ही भूगोलाचे किंवा भूशास्त्राचे विद्यार्थी असा, स्पर्धा परीक्षेची तयारी करत असा, किंवा किल्ल्यावर जाऊन "हा कसला कातळ?" असा प्रश्न पडणाऱ्यांपैकी असा, खालच्या क्रमाने गेलात तर माझ्यासारखे गुण जाणार नाहीत. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक चुका सहाव्या पायरीचा प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारल्यामुळे होतात.

सोबत काय घ्यायचं

- दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. सोनाराकडे असतं तसं. यावर पैसे वाचवू नका, बाकी सगळ्यावर वाचवा.
- पाण्याची बाटली आणि फडकं.
- पोलादी खिळा किंवा जुना चाकू, आणि एक टाचणी.
- ड्रॉपरच्या बाटलीत थोडं व्हिनेगर.
- फोटोत मापासाठी ठेवायला एक नाणं.
- वही, पेन्सिल, आणि नमुन्याला चिकटवायला कागदी पट्टी.
- हातोडी नेणार असाल तर भूशास्त्राची न्या आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. सुताराच्या हातोडीचा टवका उडून डोळ्यात जातो.
- कागदपत्रांत ओळखपत्र ठेवा. चालू खाणीत जायचं तर मालकाची परवानगी आणि सुरुंगाची वेळ, दोन्ही आधी विचारा.

किल्ले, लेणी, संरक्षित स्मारकं इथे हातोडी पिशवीतून काढायचीच नाही. वेरूळचं कैलास लेणं बेसॉल्टचं आहे, हे तपासायला त्याचा टवका लागत नाही.

१. आधी पाक समजून घ्या

शाळेच्या पुस्तकातली नावं दोन: अंतर्निर्मित अग्निज खडक आणि बहिर्निर्मित अग्निज खडक. शिलारस जमिनीखालीच थिजला तर पहिला, लाव्हा म्हणून बाहेर येऊन थिजला तर दुसरा. पाठ करायला हे सोपं आहे, पण दगड हातात घेतल्यावर या व्याख्येचा काही उपयोग होत नाही. दगड थिजताना तुम्ही तिथे नव्हता.

म्हणून स्वयंपाकघरात या. साखरेचा पाक तोच, पण दोऱ्याभोवती कित्येक दिवस निवांत ठेवला तर खडीसाखर होते: टपोरे, कडा असलेले खडे. गरम पाक ताटात ओतून झटकन गार केला तर काचेसारखी वडी होते, खडा औषधालाही सापडत नाही. पाकात हवेचे बुडबुडे अडकून तो थिजला की बत्तासा. साखर तिन्हीत एकच, फरक थंड होण्याच्या वेळेचा.

खडकाचंही तेच. काही किलोमीटर खोल अडकलेल्या शिलारसावर पांघरूण जाड असतं, त्यामुळे मोठा साठा थिजायला लाखो वर्षं लागू शकतात. तेवढ्या वेळात स्फटिक ऐसपैस वाढतात. ग्रॅनाइट ही खडीसाखर. उघड्यावर आलेल्या लाव्हाला तेवढी सवड मिळत नाही. तरी "झटकन" शब्दावर फार जाऊ नका. हवाईतल्या किलाउआ ज्वालामुखीवर १९५९ साली साठलेलं लाव्हाचं खोल तळं पूर्ण थिजायला सुमारे ३५ वर्षं लागली. माणसाला हा काळ मोठा, स्फटिकाला किरकोळ.

२. ताजा भाग शोधा

नवखा माणूस दगडाची साल वाचतो आणि फसतो. आपल्या हवेत बेसॉल्ट बाहेरून तपकिरी, पिवळट, कधी चक्क लालसर होतो. गोट्यांना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. त्या सालीवर जे ठिपके दिसतात ते बरेचदा कुजलेली खनिजं आणि दगडफूल असतं.

फोडलेला दगड हवा. हातोडीची गरज नाही: रस्त्याची खडी, रेल्वेरुळांखालची खडी, नव्याने खोदलेल्या विहिरीचा डबर, घाटात नुकतं रुंदीकरण झालेली कड, यांपैकी काहीतरी जवळ असतंच. (रुळांवर जाऊ नका. स्टेशनबाहेर पडलेली पुरते.) धूळ धुऊन टाका. आधी ओला बघा, मग सुकवून बघा. ओल्यावर रंगांतला फरक उठून दिसतो, सुक्यावर चमक.

३. दाणा बघा, आणि फक्त दाणा

आता दगड उन्हात धरून हळूहळू फिरवा. स्फटिकांचे सपाट पृष्ठभाग एका विशिष्ट कोनात लख्खकन चमकतात. एक चमक म्हणजे एक दाणा. चमकेचा आकार तो दाण्याचा आकार.

मी स्वतःसाठी केलेला नियम असा:

हात लांब करून धरलेल्या दगडात दाणे वेगवेगळे दिसतात, सगळीकडे दिसतात, आणि एकमेकांत बसलेले दिसतात: अंतर्निर्मित. ग्रॅनाइट, डायोराइट, गॅब्रो ही मंडळी.

डोळ्याला सपाट एकरंगी दिसतो आणि भिंगाखालीही दाणा पकडता येत नाही, फार तर सुईच्या टोकाएवढ्या चमका: बहिर्निर्मित. बेसॉल्ट, अँडेसाइट, रायोलाइट.

काचेसारखा, दाणाच नाही, फुटल्यावर शिंपल्यासारख्या वळ्या: ऑब्सिडियनसारखी ज्वालामुखी काच. बहुधा बहिर्निर्मित.

जवळून डोळ्याला जेमतेम, भिंगाखाली स्पष्ट, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास: थांबा. हा आठव्या पायरीचा गिऱ्हाईक आहे.

"सगळीकडे" या शब्दाखाली दोन रेघा ओढा. मी परीक्षेत तोच विसरलो होतो. आणि "एकमेकांत बसलेले" याखालीही ओढा, कारण वालुकाश्मातही दाणे दिसतात. पण ते सुटे, घासलेले कण असतात आणि मधल्या चिकट पदार्थाने धरून ठेवलेले असतात. भरड वालुकाश्म बोटाने चोळला तर कधी कधी कण सुटतात. ग्रॅनाइटचे दाणे मात्र वितळलेल्यातून वाढता वाढताच एकमेकांत अडकलेले असतात, मध्ये मोकळी जागा नसते.

सराव घरच्या ओट्यावर करा. ओटा खऱ्या ग्रॅनाइटचा असेल तर त्यात तीन गोष्टी सापडतील. राखाडी, काचेसारखं, चाकूने ओरखडा न उठणारं ते क्वार्ट्झ. गुलाबी किंवा दुधी, सपाट चमक मारणारं ते फेल्डस्पार. काळे चकचकीत ठिपके बरेचदा अभ्रकाचे. न घासलेल्या तुकड्यात टाचणीने टोचलं तर अभ्रकाचा पापुद्रा सुटतो. चाकू आणि टाचणीचे प्रयोग दुकानातून मागून आणलेल्या तुकड्यावर करा, ओट्यावर नव्हे. आमच्या घरी यावरून झालेला संवाद इथे देत नाही.

४. मोठा स्फटिक दिसला की जास्त सावध व्हा

सगळ्यात जास्त माणसं पडतात ती इथे. मोठ्या स्फटिकाचे तीन अर्थ होतात.

पहिला: सगळाच दगड मोठ्या दाण्यांचा आहे. मग प्रश्नच नाही, अंतर्निर्मित.

दुसरा: मोठे स्फटिक बारीक पिठात रुतलेले आहेत, चिक्कीत शेंगदाणे असतात तसे. अशा वेळी शेंगदाण्यावरून नाही, गुळावरून ठरवायचं. हा दगड दोन टप्प्यांत थंड झाला. शिलारस खाली थांबलेला असताना मोठे स्फटिक वाढले, मग तो सगळा ऐवज वर आला आणि उरलेला रस भराभर थिजला. शेवटचा मुक्काम जमिनीवर, म्हणून खडक बहिर्निर्मित. कसारा घाटात, मंचरच्या बाजूला आणि सह्याद्रीत आणखी काही ठिकाणी असे बेसॉल्टचे थर आहेत. त्यात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या लांबट पट्ट्या दोन-तीन सेंटीमीटरच्या, कधी त्याहूनही मोठ्या असतात. भूशास्त्रज्ञ हे थर खुणेसारखे वापरतात, कारण मैलोगणिक एकसारख्या दिसणाऱ्या काळ्या लाव्हात ते पटकन ओळखू येतात. माझे गुण घालवणारा दगड या घराण्यातला.

याची उलट बाजूही आहे. ग्रॅनाइटमध्येही काही स्फटिक इतरांपेक्षा खूप मोठे असू शकतात, दक्षिण गोव्यात काणकोणच्या ग्रॅनाइटमध्ये आहेत तसे. पण तिथे मधलं 'पीठ' स्वतःच डोळ्याला दिसणाऱ्या दाण्यांचं असतं. म्हणजे प्रश्न तोच: मधलं बघा.

तिसरा अर्थ आपल्याकडे फार महत्त्वाचा: स्फटिक शिलारसातून आलेलेच नाहीत. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि खडक थिजल्यावर त्यांतून फिरलेल्या गरम पाण्याने त्या भरल्या. आपली गारगोटी ती हीच, आणि तिच्यासोबत येणारी झिओलाइट गटातली आणि इतर खनिजं. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट, फिकट केशरी स्टिलबाइट, काचेसारखं अपोफिलाइट: जगभरच्या संग्रहालयांत महाराष्ट्राची ही खनिजं आहेत, आणि सिन्नरला तर त्यांचंच संग्रहालय आहे. त्यातला एखादा स्फटिक मुठीएवढा असला तरी भोवतालचा खडक बेसॉल्टच.

ओळखायचं कसं? पोकळी भरून तयार झालेल्या गोळ्याची बाहेरची कड गोल किंवा बदामी असते आणि वाढ कडेकडून आत झालेली असते, कधी मध्ये पोकळ जागा शिल्लक राहते. शिलारसात वाढलेल्या स्फटिकाला स्वतःच्या सरळ कडा असतात. म्हणून गोल कड दिसली की पोकळी, सरळ कड दिसली की स्फटिक. अपवाद मिळतील, पण दहातल्या नऊ वेळा हे चालतं.

५. भोकं असतील तर

भरलेली असोत की रिकामी, बुडबुड्यांची भोकं हा लाव्हाचा चांगला पुरावा. खोलवर दाब इतका असतो की वायू शिलारसात विरघळलेलाच राहतो, जमिनीजवळ येता येता तो फसफसून सुटतो, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा. भोकं एका दिशेने ताणलेली दिसली तर लाव्हा वाहत असतानाची ती खूण आहे. प्युमिस हा याचा टोकाचा नमुना, इतका हलका की पाण्यावर तरंगतो.

मात्र भोकं नाहीत म्हणून लाव्हा नाही, असं होत नाही. जाड थराचा मधला भाग भरीव असतो. पाटे, वरवंटे, जाती त्याच भरीव काळ्या पाषाणाची.

आणि जांभ्याची भोकं या हिशेबात धरायची नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला चिरा हा मूळ खडक कुजून, त्यातलं बरंच काही धुऊन जाऊन, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहून बनलेला. तो अग्निज नाहीच. बेसॉल्टपासून झालेला असला तरी नाही.

६. आता रंग आणि वजन

रंगाने खडक कुठे थिजला हे कळत नाही. कशाचा बनला ते कळतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि "काळा म्हणजे बेसॉल्ट, पांढरा-गुलाबी म्हणजे ग्रॅनाइट" या पाठांतराने त्यांची खिचडी होते.

जोड्या अशा लक्षात ठेवा. सिलिका भरपूर, रंग फिका: आत थिजला तर ग्रॅनाइट, बाहेर थिजला तर रायोलाइट. मधला: आत डायोराइट, बाहेर अँडेसाइट. सिलिका कमी, लोह-मॅग्नेशियम जास्त, रंग गडद: आत गॅब्रो, बाहेर बेसॉल्ट. रंग जोडी सांगतो, दाणा जोडीतलं घर सांगतो.

वजनही तसंच. बेसॉल्टची घनता ग्रॅनाइटपेक्षा जास्त, साधारण २.९ ते ३.० विरुद्ध २.६ ते २.७. पण गॅब्रोही बेसॉल्टइतकाच जड. चुंबक नेलात तर बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइटमुळे किंचित ओढ जाणवेल, तीही गॅब्रोत सापडू शकते. या चाचण्या जरूर करा, फक्त त्यांना भलता प्रश्न विचारू नका.

७. खडक जागेवर कसा बसला आहे ते बघा

हातातला तुकडा अर्धी गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी कड्यात असते, आणि माझ्या मते तीच जास्त रंजक.

सह्याद्रीचा कडा समोर आला की पायऱ्या दिसतात. 'ट्रॅप' हे नावच पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलं. एकेक पायरी म्हणजे ढोबळमानाने एकेक लाव्हाथर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे हे थर एकावर एक साचत गेले. एक थर खालून वर वाचा: तळाशी कधी कधी नळ्यांसारख्या उभ्या पोकळ्या, मध्ये भरीव कातळ, माथ्यावर भोकांचा आणि झिओलाइटचा भाग. दोन थरांमध्ये अधूनमधून लाल मातकट पट्टा दिसतो. खालचा लाव्हा थिजून उघडा पडला, त्याची झीज झाली, मगच पुढचा आला. असा पट्टा म्हणजे ती जागा एकेकाळी उघडी जमीन होती याची खूण. वरचा खडक मग जमिनीवरच थिजलेला.

आता याच कड्यात कधी एखादी उभी भिंत थर कापत वर गेलेली दिसेल. ती भित्ती, म्हणजे डाइक. आधीच्या खडकाला भेग पडली, तीत शिलारस घुसला आणि तिथेच थिजला. खडक काळाच, शेजारच्या बेसॉल्टच्याच नात्यातला, पण अंतर्निर्मित. धुळे-नंदुरबार भागात अशा शेकडो भित्ती आहेत. भोवतालचा खडक झिजून त्या लांबच लांब, अरुंद टेकड्यांसारख्या उभ्या राहिल्यात. कोकणपट्टीतही आहेत, तिथे बऱ्याचशा उत्तर-दक्षिण धावतात. शेतकऱ्याला याचं मोल वेगळं: भित्ती जमिनीखालच्या बांधासारखी पाणी अडवते, त्यामुळे तिच्या एका अंगाच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाची कोरडी, असं घडू शकतं.

भित्ती ओळखायच्या तीन खुणा.

ती थर कापते. लाव्हाथर खालच्या जमिनीवर पसरतो, शेजाऱ्याच्या पोटात शिरत नाही.

तिच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा बारीक दाण्याच्या असतात. गार खडकाला टेकलेला रस आधी थिजतो. कडेपासून मध्यापर्यंत चार ठिकाणी भिंग लावा, दाणा वाढत गेलेला दिसेल. हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग, कारण पाठ केलेलं वाक्य इथे डोळ्यासमोर घडतं.

तिच्यातले स्तंभ आडवे असतात. थंड होताना पडणाऱ्या भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात जातात. आडव्या लाव्हाथरात म्हणून स्तंभ उभे, उभ्या भित्तीत आडवे, जळणाची लाकडं रचून ठेवावीत तसे. नुसते स्तंभ दिसले म्हणून काही ठरत नाही, ते दोन्हीकडे होतात. त्यांची दिशा बघायची.

शिलारस थरांच्या मधून आडवा घुसला तर मात्र तो लाव्हाथरासारखाच दिसतो. तेव्हा वरच्या शेजाऱ्याकडे बघा. लाव्हा फक्त खालच्या जमिनीला भाजतो, कारण वरचा थर तेव्हा आलेलाच नसतो. घुसलेला रस खालचा आणि वरचा दोघांनाही भाजतो. भाजलेला भाग कडक, रंग बदललेला असतो. शिवाय घुसलेल्या रसात वरच्या खडकाचे तुकडे तुटून पडलेले सापडू शकतात, लाव्हाच्या पोटात नंतर आलेल्या थराचा तुकडा कुठून येणार?

८. ना इकडचे ना तिकडचे

डोलेराइट नावाचा खडक नवख्याला छळतो. रचना बेसॉल्टची, दाणा मधला. भित्तींमध्ये नेहमी हाच भेटतो. तो जमिनीखालीच थिजला, पण फार खोल नाही, म्हणून स्फटिकांना थोडीच सवड मिळाली.

गोंधळ असा की फार जाड लाव्हाथराच्या मधोमध दाणा डोलेराइटइतका वाढू शकतो, आणि वीतभर रुंदीच्या भित्तीत तो बेसॉल्टइतका बारीक राहू शकतो. म्हणजे निव्वळ तुकड्यावरून निकाल देता येत नाही. परीक्षेत असा नमुना आला तर "मध्यम कणी, डोलेराइट" लिहा आणि दाणा कसा दिसला ते एका ओळीत लिहा. कड्यात भेटला तर सातव्या पायरीवर परत जा.

९. दुकानातली नावं आणि इतर सोंगं

फरशीच्या बाजारात 'ग्रॅनाइट' म्हणजे कडक आणि पॉलिश घेणारा कुठलाही दगड. 'काळा ग्रॅनाइट' हा भूशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नसतोच, बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. आंध्रातल्या चिमाकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी' गॅब्रोच्या घराण्यातला, ठिपके ब्राँझाइट या पायरॉक्सीन खनिजाचे. अंतर्निर्मित मात्र तो खराच, त्यामुळे नाव चुकलं तरी या लेखापुरतं उत्तर बरोबर येतं.

कडप्प्याचं तसं नाही. काळा, बारीक कणाचा, म्हणून बेसॉल्ट म्हणून खपतो. तो चुनखडक आहे, गाळाचा खडक. चाकूने ओरखडा उठतो. त्या ओरखड्याच्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून बघा, बुडबुडे येतात. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचे डाग का पडतात, तेही यातच आलं. शहाबादी फरशीही चुनखडकच.

नाईस हा ग्रॅनाइटचा जुळा भाऊ वाटतो. खनिजं तीच, दाणे मोठे, पण काळे-पांढरे पट्टे एका दिशेने ओढलेले. तो उष्णता आणि दाबाखाली बदललेला रूपांतरित खडक. पट्टे दिसले की "ग्रॅनाइट" म्हणायच्या आधी जीभ चावा.

धातू गाळणाऱ्या कारखान्यातली मळी, म्हणजे स्लॅग, भर टाकलेल्या जागी खूप सापडते. भोकं, काच, काळा-हिरवा रंग, सगळं लाव्हासारखं. आजूबाजूला त्याच जातीचा कातळ नाही आणि तुकड्यात धातूचे थेंब किंवा गंज दिसतो, तर तो ज्वालामुखी भट्टीतला.

लोणारची गोष्ट निराळी. विवर बेसॉल्टमध्ये आहे, पण ते उल्कापाताने झालेलं आहे. तिथे सापडणारी काच आघातात खडक वितळून झालेली आहे, लाव्हाची नाही. तिथून काही उचलू नका, बघून या.

१०. सराव कुठे करायचा

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग बेसॉल्टने झाकलेला, त्यामुळे बहिर्निर्मितची ददात नाही, दुसऱ्या बाजूची आहे. बेसॉल्टच्या खालचा ग्रॅनाइट-नाईसचा जुना पाया आपल्या पायाखाली आहेच. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनछिद्रात सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट पार केल्यावर, थोडा गाळाचा थर ओलांडून, नाईस लागला. कोयना भागात त्यासाठी एक किलोमीटरच्या आसपास खाली जावं लागलं. उघड्यावर बघायचा तर गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या बाजूला जा, किंवा काणकोणला. हैदराबादला नातेवाईक असतील तर गोवळकोंड्याच्या वाटेवरचे ग्रॅनाइटचे गोलमटोल धोंडे बघा. हंपीला तर बघावेच लागतात, ते तुमच्या वाटेतच येतात.

जाण्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर त्या भागाचा नकाशा बघून ठेवा. उत्तर आधीच कळलं असं वाटेल, पण सुरुवातीला उत्तर माहीत असलेल्या दगडावरच डोळा तयार होतो.

एक जागा मात्र मी प्रत्येकाला सुचवतो: गिरनार. दत्तपादुकांच्या दर्शनाला मराठी माणूस तिथे जातोच. पायथ्याभोवतीचा मुलूख दख्खनच्याच लाव्हाचा. आणि ज्या डोंगरावर तुम्ही धापा टाकत चढता तो गॅब्रो-डायोराइट जातीचा, त्याच लाव्हाच्या पोटात घुसून थिजलेला अंतर्निर्मित खडक. वरचं पांघरूण झिजून गेलं, कठीण गाभा उभा राहिला. दम खायला थांबाल तिथे पायऱ्यांच्या कडेचा मूळ कातळ बघा, बसवलेला दगड नको. हात लांब करून बघा, दाणे दिसतील. घरून खिशात बेसॉल्टच्या खडीचा तुकडा नेला असेल तर शेजारी धरा. रंगात फार फरक नाही असं वाटेल, आणि तेच तर बघायचं आहे.

११. नोंद लिहा, तिथेच

घरी येऊन लिहू म्हणालात की पिशवीतले सगळे दगड एकसारखे होतात. माझ्या वहीतला साचा असा: तारीख आणि ठिकाण, ताजा भाग मिळाला की नाही, मधला दाणा हातभरावरून दिसतो, भिंगातून दिसतो की दिसत नाही, मोठे स्फटिक असतील तर कड सरळ की गोल, भोकं, रंग, शेजारी काय आहे आणि खडक थर कापतो का. निष्कर्ष सगळ्यात शेवटी, पेन्सिलने.

निष्कर्षाची जागा रिकामी राहिली तरी चालतं. माझ्याकडे कोकणातला एक तुकडा आहे. त्याच्या पट्टीवर "मध्यम कणी, गडद, भोकं नाहीत, कडा झाडीत गेली, शेजार दिसला नाही" एवढंच लिहिलंय. पावसाळा संपून झाडी उतरली की पुन्हा जायचं आहे.